थ्री-इन-वन एलईडी पट्टी: दिवा पास, वायरिंग नापास

मोटरसायकलची बॉबर किंवा कॅफे रेसर (कापून-छाटून केलेली कस्टम गाडी) करायला घेतली की मागचं मडगार्ड कापलं जातं. त्याच्यासोबत कंपनीची ठोकळ्यासारखी टेललाइट जाते आणि तिच्या जागी बोटभर रुंदीची एलईडी पट्टी येते. टेल, ब्रेक आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकाच पट्टीत असतात, म्हणून दुकानदार तिला थ्री-इन-वन म्हणतात. ब्रँड बहुतेक वेळा नसतोच. खोक्यात पट्टी, मागे चिकटवलेली दुहेरी टेप आणि वायरच्या रंगांची एक आकृती, बस्स. ठाणे आणि नवी मुंबईतल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत हीच पट्टी वेगवेगळ्या खोक्यांत मिळते, ऑनलाइनही तीच. हा रिव्ह्यू तिचा आहे, आणि तिच्याबरोबर हमखास गळ्यात मारल्या जाणाऱ्या दोन वस्तूंचा: हायड्रॉलिक ब्रेकचा प्रेशर स्विच आणि एलईडी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा).

निकाल आधीच सांगून टाकतो. पट्टी घ्यायला हरकत नाही. ब्रेकलाइट लागत नाही म्हणून ज्या कस्टम गाड्या गॅरेजला येतात, त्यांच्यात दिवा स्वतः मेलेला क्वचित सापडतो. मेलेलं असतं ते अर्थिंग (करंट बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट), जोड किंवा स्विच. आणि पट्टी बदलून यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

पहिली कसोटी ब्रेक आणि टेल यांच्यातल्या फरकाची. जुन्या बल्बमध्ये टेलची तार ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची असते, म्हणजे चौपटीहून जास्त फरक. मागच्या माणसाला ‘हा थांबतोय’ हे त्या उडीमुळे कळतं, नुसत्या लाल उजेडामुळे नाही. बऱ्याच स्वस्त पट्ट्या टेलवरच जवळपास पूर्ण ताकदीने पेटतात, मग ब्रेक दाबल्यावर वाढायला उरतंच काय? काउंटरवर ट्यूबलाइटखाली त्या झक्क दिसतात. दुकानदाराला पट्टी उन्हात न्यायला सांगा, टेल चालू ठेवून पंधरा पावलं मागे जा आणि ब्रेकची वायर टेकवायला सांगा. फरक शोधावा लागला तर ती पट्टी परत द्या. ठाणे-बेलापूर रोडवर मागे कंटेनर असतो आणि त्याचा ड्रायव्हर तुमच्या मडगार्डपासून बराच उंच बसलेला असतो, हे ध्यानात ठेवून बघा. ही पट्टी चपटी असल्यामुळे कोन चुकला की अर्धा उजेड आकाशात नाहीतर डांबरावर जातो. वळवलेल्या मडगार्डवर ती चिकटवताना दिव्यांचं तोंड सरळ मागे, जमिनीला समांतर राहिलं पाहिजे.

पट्टी आधीच घेऊन झाली असेल तर टेलच्या वायरमध्ये एक रेझिस्टर (करंट अडवणारा छोटा भाग) मालिकेत टाकून टेल मंद करता येते. १ वॅटचा ४७ ओहमपासून सुरुवात करा, १०० किंवा १५० पर्यंत जाऊन बघा. ब्रेकच्या वायरला हात लावायचा नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असे रेझिस्टर सुट्टे मिळतात. दोन-चार किमतींचे घेऊन या, एकाच फेरीत काम होतं.

आता वायर. पट्टीतून सहसा पाच वायरी निघतात: अर्थ, टेल, ब्रेक, डावा, उजवा. आकृतीतल्या रंगांवर विसंबू नका. काळी म्हणजे अर्थ हा अंदाज बहुधा खरा ठरतो, पण लाल वायर ब्रेकची की टेलची हे खोक्यागणिक बदलतं. बॅटरीच्या प्लसला १ अँपिअरचा फ्यूज लावलेली वायर घ्या, काळी वायर मायनसला धरा आणि बाकीच्या एकेक करून टेकवा. पाच मिनिटांत सगळ्यांना टेपचं नाव लागतं. उलटं लागलं तर पट्टी पेटत नाही, थोड्या वेळात बहुधा जळतही नाही. मल्टिमीटर असेल तर करंटही मोजून ठेवा. ब्रेकवर अशी पट्टी साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेते, २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. हा फरक पुढे दोन ठिकाणी कामाला येणार आहे.

पहिलं ठिकाण फ्यूज. पट्टीच्या वायरी केसासारख्या बारीक असतात. पाव अँपिअरला त्या पुरतात, तक्रार त्याबद्दल नाही. पण गाडीचा फ्यूज असतो १० किंवा १५ अँपिअरचा. मडगार्डच्या कापलेल्या धारेवर ही वायर घासून शॉट झाली तर फ्यूज उडायच्या आधी वायरच विस्तव होते, आणि ती जाते सीटखालून, टाकीच्या बाजूने. म्हणून मुख्य वायरिंगमधून पट्टीकडे फाटा निघतो तिथेच टेल आणि ब्रेक या दोन्ही वायरींना वेगवेगळा २ अँपिअरचा इनलाइन (वायरमध्येच बसणारा) फ्यूज लावा. खोक्यात तो कधीच येत नाही. यासाठी पट्टीला एक गुण कापला.

दुसरा गुण कापला वायर पट्टीतून जिथे बाहेर पडते त्या जागेसाठी. तिथे ताण घेणारं काही नसतं. सिंगल सिलिंडरच्या थरथरीत, विशेषतः बुलेटवर, वायर नेमकी तिथेच वाकत राहते आणि एकेक तार तुटत जाते. बसवण्याआधी त्या जागेवर न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब द्या. आंबट वास येणारं सिलिकॉन नको, ते सुकताना सोडत असलेलं ॲसिड तांबं खातं. आणि दोन इंचांवर वायर मडगार्डला क्लिपने बांधा. एवढं केलं नाही तर पहिल्या पावसाळ्यापर्यंतच साथ मिळेल असं धरून चाला.

खोक्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जायचं नाही. पट्टीचा पुढचा भाग बहुधा हे सोसतो, वायरचं तोंड सोसत नाही. बादलीत पट्टी पेटवून अर्धा तास ठेवा, वायरीचं टोक बाहेर. काढल्यावर आतून वाफ धरली असेल तर बसवूच नका. दुहेरी टेपबद्दल जास्त लिहायला नको. तिच्या भरवशावर पट्टी सोडू नका, दोन स्क्रू किंवा पातळ पत्र्याची चौकट हवीच.

जोडकाम. गॅरेजमध्ये अजूनही वायर सोलून, पिळून, काळी टेप मारायची पद्धत आहे. सीटखाली उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि खाडीची खारट हवा तांब्याला हिरवं करते. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या गाड्यांत हा हिरवा गंज लवकर दिसतो. नुसतं सोल्डरही इथे चांगलं नाही. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे सोल्डर संपतं तिथेच थरथरीने वायर मोडते. योग्य जोड म्हणजे क्रिंप केलेलं (पकडीने दाबून बसवलेलं) टर्मिनल, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि रबर सील असलेला कपलर (वायरी जोडायचा प्लग). पट्टीपासून मुख्य वायरिंगपर्यंतची वाढीव वायर अर्धा चौरस मिलिमीटरची ऑटो वायर घ्या. करंटसाठी नाही, तुटू नये म्हणून.

आता मूळ दुखणं. ब्रेकलाइट लागत नाही, कधी लागते कधी नाही, किंवा लागलेलीच राहते.

बल्बवाली टेललाइट आजारी पडली की बोलते. ब्रेक दाबला की टेलच विझली, किंवा ब्रेकसोबत इंडिकेटर मंद पेटला, तर डोळे मिटून अर्थिंग खराब समजायचं. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या तारेतून परतीची वाट शोधतो, म्हणून हे चाळे. एलईडी पट्टी मात्र करंट उलट जाऊ देत नाही. तिचा अर्थ गेला की टेल, ब्रेक, इंडिकेटर सगळं एकदम गप्प होतं. एकच वायर सगळ्यांना सामाईक असते, म्हणून सगळं एकत्र मेलं तर पहिला संशय काळ्या वायरवर घ्या. पावडर कोटिंग केलेल्या फ्रेमवर रिंग टर्मिनल बोल्टने कसलं की अर्थ झाला असं मानलं जातं. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा थर, त्यातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून थोडाफार मिळतो आणि पहिल्या पावसात तोही जातो. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून व्हॅसलीन फासा. त्याहून चांगलं म्हणजे पट्टीची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत स्वतंत्र ओढा. कस्टम गाडीत मडगार्ड रबर बुशवर बसवलेलं असेल तर याला पर्यायच नाही, कारण मूळ डिझाइनमध्ये अर्थ मडगार्डच्या बोल्टमधून जात होता आणि तो रस्ताच आता उरलेला नाही.

अर्थ मोजताना एक फसगत होते आणि करंटचा तो फरक इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. मल्टिमीटरला जवळजवळ करंट लागतच नाही. एकाच तारेवर लटकलेल्या जोडातूनही तो १२ व्होल्ट छान दाखवतो आणि माणूस ‘सप्लाय येतोय’ म्हणून पट्टी बदलतो. पट्टीही थोडक्यात भागवून घेते. समजा जोडात एक ओहमचा अडथळा आहे. पाव अँपिअरच्या पट्टीवर तिथे फक्त पाव व्होल्ट पडेल, डोळ्याला काही कळणार नाही. तिथेच २१ वॅटचा बल्ब लावला तर दीड व्होल्टच्या आसपास पडतो आणि बल्ब पिवळट दिसतो. म्हणजे एलईडी खराब जोड झाकून ठेवते, तो पूर्ण तुटेपर्यंत. म्हणून तपासणीसाठी जुन्या होल्डरमध्ये २१ वॅटचा बल्ब आणि दोन क्रोकोडाइल क्लिप असा टेस्ट लॅम्प करून ठेवा. हजार रुपयांच्या मीटरपेक्षा तो खरं बोलतो.

तपासणीचा क्रम असा ठेवला तर दहा मिनिटांत दोष हाती लागतो. चावी चालू करा. पुढचा लिव्हर आणि मागचा पेडल वेगवेगळे दाबा. एकाने लागते आणि दुसऱ्याने नाही, तर दिवा, अर्थ आणि मागपर्यंतची वायर सगळं चांगलं आहे, न चालणाऱ्या बाजूचा स्विच किंवा त्याची वायर बघा. पट्टीला हातही लावू नका. दोन्हींनी लागत नाही पण टेल पेटते, तर अर्थ ठीक आहे. मग हॉर्न वाजवा. पुष्कळ गाड्यांत हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकला सप्लाय एकाच फ्यूजमधून येतो. हॉर्नही गप्प असेल तर फ्यूज उडालेला असणार, आणि फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी शॉट आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून पुढे जाऊ नका. हॉर्न वाजतोय तर स्विचवर या: स्विचच्या दोन्ही वायरी काढा, त्यांतल्या एकीवर चावी चालू असताना १२ व्होल्ट हवेत. आले तर दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. लाइट लागली तर स्विच मेला, नाही लागली तर स्विचपासून पट्टीपर्यंतची वायर कुठेतरी तुटली आहे. पट्टीच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावून एकेक टप्पा मागे या.

कधी लागते कधी नाही, असं असेल तर लिव्हर दाबून धरा आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. एखाद्या कोनात लाइट फडफडली तर वायर हेडस्टॉकपाशी, म्हणजे हँडल फ्रेममध्ये फिरतं तिथे, तुटली आहे. क्लिप-ऑन (खाली बसणारं) हँडल लावलं की वायर चेपते, उंच एप-हँगर लावलं की ताणते. हँडलच्या आतून वायर ओढलेली असेल तर ड्रिल केलेल्या भोकाच्या कडेला रबर ग्रोमेट आहे का बघा. नसेल तर ती धार वायरीचं साल सोलत बसते आणि पावसात फ्यूज उडत राहतो. हा दोष कोरड्या दिवशी गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही.

लाइट लागलेलीच राहते, याचं कारण बाजारात विकल्या जाणाऱ्या फॅशनेबल लिव्हरमध्ये असतं. पुढच्या लिव्हरच्या स्विचची छोटी दांडी बहुतेक गाड्यांत लिव्हर सोडलेला असताना दाबलेली असते आणि तेव्हा सर्किट तुटलेलं असतं. लिव्हरची टाच अर्धा मिलिमीटर आखूड निघाली तरी दांडी पुरती दाबत नाही आणि ब्रेकलाइट कायम चालू. असा लिव्हर घेताना मूळ लिव्हरला चिकटवून टाचेचा आकार जुळवून बघा. नाही जुळला तर परत करा, स्विच वाकवून जुळवायच्या भानगडीत पडू नका.

मागच्या पेडलचा स्विच साधा आहे: स्प्रिंग ओढली गेली की दांडी खाली येते आणि करंट सुरू होतो. ॲडजस्ट करताना फक्त नट फिरवायचा, स्विचचा गोल देह बोटांनी धरून ठेवायचा. देहच फिरवला तर वरच्या वायरी पिळून तुटतात. स्विच वर सरकला की लाइट लवकर लागते, खाली सरकला की उशिरा. पेडलचा मोकळा खेळ संपतो त्या क्षणी, ब्रेक धरायच्या थोडं आधी लाइट लागली पाहिजे. कॅफे रेसरला रिअरसेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि पेडल) लावले की ही स्प्रिंग अडकवायची जागाच जाते आणि किटमध्ये तिचा पर्याय क्वचितच असतो. अशा वेळी प्रेशर स्विच पुढे केला जातो, म्हणून आता त्याचा रिव्ह्यू.

हा स्विच पोकळ बँजो बोल्टच्या (ब्रेकचा पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या) रूपात येतो. मास्टर सिलिंडरवरचा (ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागावरचा) मूळ बोल्ट काढून तो बसवायचा आणि ब्रेक ऑइलचा दाब वाढला की आतला संपर्क जुळतो. दिसायला सुटसुटीत, खटके-स्प्रिंगा नाहीत. पण मागे ड्रम ब्रेक असेल तर तो बसतच नाही, कारण तिथे ऑइलच नाही. ड्रमवाल्या गाडीला ब्रॅकेटसह मिळणारा ओढायचा युनिव्हर्सल स्विचच लावा. दुसरं, आटे. एम१० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टमध्ये १.० आणि १.२५ अशा दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर) चालतात आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात. पहिले दोन आटे हाताने सहज गेले नाहीत तर पान्याला हात लावू नका, मास्टर सिलिंडरचं ॲल्युमिनियम सोललं की नवा मास्टर घ्यावा लागेल. नमुन्याला मूळ बोल्ट खिशात घेऊन जा. दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर नवे हवेत, जुने दुसऱ्यांदा नीट दबत नाहीत आणि तिथून ऑइल पाझरतं. बसवल्यावर ब्रेक ब्लीड करायचा (आतली हवा काढायची), मास्टरच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडच्याच ऑइलने. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, टाकीचा महागडा रंग ते उचलून नेतं. एबीएस असलेल्या गाडीत निव्वळ दिव्यासाठी हायड्रॉलिक लाइन उघडणं हा घाट्याचा सौदा आहे. लिव्हरजवळचा मेकॅनिकल स्विच शोधा.

प्रेशर स्विचवरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. तो दाबावर चालतो, त्यामुळे हलका ब्रेक त्याला कळत नाही. माजिवडा किंवा कापूरबावडीच्या रांगेत बोटभर लिव्हर ओढून गाडी हळू करता तेव्हा मागच्याला काहीच दिसत नाही. मेकॅनिकल स्विच त्याच क्षणी लाइट लावतो. शिवाय उष्णता. २०११ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने २००९ ते २०१२ मॉडेल वर्षांच्या टूरिंग गाड्या मागच्या ब्रेकलाइट स्विचसाठी परत बोलावल्या. एक्झॉस्टच्या उष्णतेने स्विच बिघडून लाइट न लागणं, ब्रेक न दाबता लागणं, आणि ऑइल गळणंही शक्य होतं. कंपनीच्या गाडीचं हे, तर आपल्याकडे एक्झॉस्टला कापडी रॅप गुंडाळून तो मागच्या मास्टरला खेटून नेतात. स्विच आणि पाइप यांच्यात मोकळी जागा किंवा पत्र्याचं हीट शील्ड असल्याशिवाय हा स्विच तिथे नको. एक बाजू त्याच्या जमेची: पूर्वी २१ वॅटच्या बल्बने त्याचे संपर्क लवकर जळायचे, एलईडीच्या थोड्या करंटवर तो जास्त टिकतो. पाचपैकी अडीच गुण, तेही जिथे दुसरा इलाज नाही तिथे.

पट्टी बंद असतानाही मंद चमकते, अशी तक्रार पावसाळ्यात वाढते. ओल्या स्विचमधून किंवा कंट्रोल बॉक्समधून थेंबभर करंट गळतो, बल्ब तो गिळून टाकायचा, एलईडीला पेटायला तेवढा पुरतो. ब्रेकची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये १ किलो-ओहमचा अर्धा वॅट रेझिस्टर लावा. १४ व्होल्टला तो जेमतेम ०.२ वॅट खातो. पण आधी स्विच उघडून सुकवा, रोग तिथे आहे. मोटोगॅजेट कंपनीच्या एम-युनिटसारखा, गाडीची वायरिंग सांभाळणारा डिजिटल बॉक्स बसवला असेल तर लक्षात असू द्या की त्याच्या इनपुटला ब्रेक स्विचने अर्थ द्यायचा असतो, १२ व्होल्ट नाही. मूळ वायरिंगमधली १२ व्होल्टची वायर तशीच स्विचला ठेवली की ब्रेकलाइट लागत नाही आणि दोष बॉक्सवर जातो.

फ्लॅशरबद्दल थोडक्यात. एलईडी इंडिकेटर भराभर फडफडत असेल तर जुन्या फ्लॅशरला करंट कमी पडतोय, एलईडीचा फ्लॅशर घाला. तापणारे लोड रेझिस्टर सीटखाली चिकटवू नका. मीटरवर दोन्ही बाजूंना एकच इंडिकेटर दिवा असलेल्या गाडीत एलईडी लावल्यावर चारही एकदम लुकलुकतात, कारण करंट त्या दिव्यातून दुसऱ्या बाजूला पोहोचतो. दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतात: डाव्या-उजव्या वायरीवरून एकेक निघतो, डायोडवर रेघ असलेली दोन्ही टोकं एकत्र होऊन दिव्याला जातात आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला.

जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीवर पट्टी बसवणाऱ्यांना एक वेगळा इशारा. अशा गाड्यांत हेडलाइट आणि टेल मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतात, ब्रेक आणि हॉर्न मात्र बॅटरीच्या डीसीवर. टेलची पट्टी मग आयडलला थरथरते, ॲक्सिलरेटर दिला की भडकते. टेलच्या वायरवर मीटर एसी व्होल्टवर लावून बघा. एसी निघाला तर टेलला चावीनंतरच्या डीसीवरून स्वतंत्र सप्लाय द्या. बॅटरीवरचं ओझं नगण्य वाढतं. दिवे वारंवार जळत असतील तर चालू इंजिनला बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा. चार-पाच हजार आरपीएमला १४.५ च्या आसपास थांबायला हवं. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, पट्टी नाही.

पट्टीऐवजी जुन्या गोल टेललाइटमध्ये एलईडी बल्ब टाकायचा विचार असेल तर त्यात एक खोच आहे. त्या टेललाइटच्या खालच्या पारदर्शक काचेतून नंबर प्लेटवर उजेड पडतो आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे तो पांढरा असावा लागतो. लाल एलईडी टाकली तर प्लेट लाल होते, पांढरी टाकली तर लाल काचेआडून ब्रेक गुलाबी दिसतो. तिथे साधा २१/५ वॅटचा बल्बच बरा. त्याच्या दोन पिना वरखाली असतात, उलटा जोर करून बसवला की टेलच ब्रेकसारखी भगभगते आणि ब्रेक दाबला तर फरक पडत नाही. पट्टीवाल्यांना प्लेटसाठी वेगळा छोटा पांढरा दिवा टेलच्या वायरवरच जोडावा लागतो. ठाण्याच्या एमएच ०४ किंवा नवी मुंबईच्या एमएच ४३ च्या पासिंगला अडतं ते बहुतेक इथेच. मडगार्ड आणि चेसिसचा मागचा लूप कापण्याचा प्रश्न मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा (गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या), तो निराळा. काही पट्ट्यांत ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारा मोड असतो. मागच्या माणसाला तो इंडिकेटर वाटतो. बंद करता येत असेल तर बंद करा, नसेल तर ती पट्टीच नको.

तर गुण: उजेडाला चार, बांधणीला अडीच, खोक्यातल्या आकृतीला शून्य. पट्टी घेताना त्याच फेरीत २ अँपिअरचे दोन इनलाइन फ्यूज, सीलवाला सहा पिनचा कपलर, दोन मीटर अर्धा चौरस मिलिमीटरची वायर चार रंगांत, काळी वायर बॅटरीपर्यंत पोहोचेल इतकी वेगळी, हीट श्रिंक आणि दातेरी वॉशर घ्या. बसवून झाल्यावर गाडीवर नळीने पाच मिनिटं पाणी मारा, हँडल दोन्हीकडे वळवून पुढचा आणि मागचा ब्रेक दहा-दहा वेळा दाबा. भिंतीवर पडणारा लाल उजेड प्रत्येक वेळी सारखाच उमटला पाहिजे. एकदा जरी चुकला तरी सीट लावू नका.